मुलुंडचा टोल माफ झाला ते चालतं, मग १५०० रुपयांवरच एवढी आग का?

घोडबंदरचा_त्रस्त:
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तेच. कोणीतरी टाकलं की राज्यावर ९ लाख कोटींच्या वर कर्ज झालंय, सगळं लाडक्या बहिणींच्या महिना १५०० नी खाल्लं, आणि खाली धडाधड अंगठे. मी फक्त एवढंच विचारलं की मुलुंडच्या आनंदनगर नाक्यावर आपण कारमागे ४५ रुपये टोल भरायचो ते १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाले, त्याची भरपाई कोण करतंय? ग्रुप एकदम चिडीचूप. (दुसऱ्याच दिवशी निवडणूक जाहीर झाली होती, आठवतंय ना.)
२०२५-२६ चं राज्याचं बजेट साधारण ७ लाख कोटींचं, त्यात महसुली तूट ४५,८९१ कोटी. महसुली तूट म्हणजे काय, तर घर घ्यायला कर्ज काढलं तर ठीक, पण इथे किराणा आणि लाइट बिल भरायला कर्ज काढतोय. मार्च २०२६ पर्यंत कर्ज ९.३२ लाख कोटींवर जाईल असा सरकारचाच अंदाज होता, म्हणजे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत माणशी सत्तर हजारांच्या आसपास. माझं म्हणणं एवढंच आहे की उधळपट्टी म्हणायचं तर सगळ्यालाच म्हणा ना, दुसऱ्याच्या ताटातलंच का दिसतं आपल्याला.

कळव्याचा_पक्या:
भाऊ टोल आणि लाडकी बहीण एकाच तराजूत? मुंबईतल्या उड्डाणपुलांच्या नावाखाली वीस वर्षं वसुली केली, पूल किती वेळा वसूल झाले असतील देव जाणे. तो टोल बंद करणं म्हणजे खैरात नाही, उशिरा मिळालेला न्याय आहे. उलट सरकारने आधीच बंद करायला पाहिजे होता. आणि तिकडे काय, चौदा हजारांवर पुरुषांनी लाडकी बहीणचे पैसे उचलले म्हणे, सरकारी नोकरीतल्या बायका पण निघाल्या यादीत. आधी वाटले मग तपासले, हा कुठला हिशोब!!

ऐरोलीची_आई:
पक्याभाऊ, चोर निघाले ते पकडा ना, योजना कशाला वाईट. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी रबाळ्याला राहतात. त्यांचे १५०० येतात त्यातले हजार मुलीच्या क्लासला जातात, बाकीचे दुकानात. कोणी बँकेत एफडी करत नाहीये. आणि टॅक्स फक्त आपणच भरतो हा एक वेगळाच माज असतो, मावशी साबण घेतात त्यावर जीएसटी आहे की नाही? उलट आपल्याला १२ लाखांपर्यंत इन्कम टॅक्स माफ झाला तेव्हा कोणी रेवडी म्हटलं नाही. तो केंद्राचा टॅक्स आहे, मान्य, पण त्यात राज्याचा पण वाटा असतोच की.

हिशेबाचा_किडा:
जरा आकड्यांनी बोलू. नुसतं ९ लाख कोटी ऐकून घाबरायचं काही नाही, राज्याचं एकूण उत्पन्न किती ते बघा. २०२५-२६ च्या बजेटच्या अंदाजात आपलं कर्ज राज्य उत्पन्नाच्या १९ टक्क्यांच्या आत होतं, मर्यादा २५ ची. पंजाब ४० च्या वर गेलंय. तेव्हा दिवाळं वगैरे काही निघत नाहीये.
पण याचा अर्थ सगळं झकास असाही नाही. कर्जाचा आकडा नाही, कर्ज कशासाठी काढलं ते महत्त्वाचं. अटल सेतूला जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज आहे, निदान पूल तरी उभा आहे, २५० रुपये टोल पण येतोय. आणि एक गंमत सांगतो, ते कर्ज एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाच्या नावावर आहे, राज्याच्या त्या ९ लाख कोटींत ते मोजलेलंच नाही. ठाण्याची रिंग मेट्रो १२,२०० कोटींची आहे, त्यातलं पण बरंच कर्जातूनच येणार. म्हणून सांगतो, उघड्यावरच्या आकड्यावर भांडून उपयोग नाही, महामंडळं आणि प्राधिकरणांच्या डोक्यावर काय आहे ते पण मांडा.

कळव्याचा_पक्या:
किड्या मग तूच सांग, पगार पेन्शन आणि व्याज हे वजा केल्यावर उरतं किती? मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा सगळं ठप्प होतं. ती जुनी पेन्शन परत लागू झाली तर लाडकी बहीण पण स्वस्त वाटेल.

निवृत्त_काका_कोपरी:
पेन्शनवर घसरू नका. ३२ वर्षं नोकरी केली, पेन्शन हा आमचा राखून ठेवलेला पगार आहे, भीक नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या पोरांना शेअर बाजारावर सोडून दिलं त्यांचं कोणी बोलत नाही.

घोडबंदरचा_त्रस्त:
काका राग नका मानू, पण प्रत्येकाला आपलं ते हक्काचं आणि दुसऱ्याचं ते फुकटचं वाटतं, माझा मुद्दाच तो आहे. मी घर घेतलं तेव्हा स्टॅम्प ड्युटी ७ टक्के भरली, त्यात १ टक्का मेट्रोचा, आणि तेव्हा मेट्रो म्हणजे घोडबंदरवर नुसते खांब आणि ट्रॅफिक. मला पण वाटतं माझं टोलचं हक्काचं आहे. पण वाटणं आणि असणं यात फरक आहे.

नेरूळचा_नाना:
तुमच्या ठाण्यापेक्षा आमची नवी मुंबई बरी म्हणायची, स्वतःचं मोरबे धरण आहे, तुम्ही पाणी पण चार ठिकाणांहून घेता 😄 पण एक सांगतो, कुठलीही पालिका घ्या, दोन-चार वर्षांनी अभय योजना येतेच. घरपट्टीच्या थकबाकीदाराचा दंड माफ, आणि मी एप्रिलमध्ये लाइनीत उभा राहून भरणारा येडा. ही पण रेवडीच झाली ना, फक्त बंगलेवाल्यांची. ह्यावर कोणी मोर्चा काढत नाही.

ऐरोलीची_आई:
नाना १००% 👏

हिशेबाचा_किडा:
नानांचा मुद्दा सगळ्यात भारी. वसुलीत सूट दिली की ती खर्चात दिसतच नाही, म्हणून त्यावर बोंब पण होत नाही. १५०० दर महिन्याला खात्यात जातात ते सगळ्यांना दिसतात.

कळव्याचा_पक्या:
बरं त्रस्तभाऊ, एकच विचारतो. उद्या टोल परत लावला तर भरणार?

घोडबंदरचा_त्रस्त:
भरेन. फास्टॅगने. पण रांग लावली तर नाही हां.

कळव्याचा_पक्या:
मग हे तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका की.

घोडबंदरचा_त्रस्त:
नको रे बाबा. पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे, मी उभा आहे.