टीबी: संपर्कातल्यांपैकी आधी कुणाला तपासायचं?

मध्यरात्र: कालच्या धाग्यात एकाने लिहिलं, 'रुग्णाला भेटलेल्या सगळ्यांना एकाच दिवशी तपासा, क्रम लावणं हा अन्याय.' राहवलं नाही म्हणून नवा धागा. जिन्यात दोन मिनिटं भेटलेला शेजारी आणि आईच्या कुशीत झोपणारं १० महिन्यांचं बाळ एकाच रांगेत? ५ वर्षांखालच्या मुलांत संसर्गाचं रूपांतर आजारात फार लवकर होतं, तो मेंदूपर्यंतही जाऊ शकतो. एचआयव्ही असलेल्यांनाही धोका मोठा. आधी ही मंडळी. रुग्णाच्या थुंकीत जंतू दिसले, छातीच्या एक्सरेत पोकळी दिसली, तर आणखी घाई.

अनवट: ते वाक्य माझं. ऑफिसात माझं टेबल रुग्णाला लागून होतं. बंद खोली, रोज आठ तास, तो खोकत असायचा. संपर्कातल्यांची यादी करणारे म्हणाले, 'तुम्ही घरचे नाही.' पाच महिन्यांनी मलाच टीबी निघाला. तुमचा क्रम तुम्हालाच लखलाभ.

मध्यरात्र: मग क्रम चुकीचा लावला. नातं नाही, एका हवेत किती तास काढले ते विचारायला हवं होतं.

पाऊलवाट: आणि टेस्टचं काय? माझी टीबीची स्किन टेस्ट निगेटिव्ह आली, सोडून दिलं. संसर्गानंतर ती पॉझिटिव्ह यायला २ ते ८ आठवडे लागू शकतात, हे कुणी सांगितलंच नाही.

रातवा: बीसीजी, म्हणजे टीबीची लस, घेतलेल्यांची तर उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. बंद करा ती, रक्ताची इग्रा टेस्ट करा.

पाऊलवाट: घाईने केली तर इग्राही चुकते. शिवाय दोन्ही टेस्ट संसर्ग सांगतात, म्हणजे जंतू अंगात शिरलेत एवढंच; त्यांनी आजार केलाय का, ते नाही.

रातवा: बीसीजीने इग्रा फसत नाही, एवढं तरी कबूल करा!

पाऊलवाट: केलं. त्याने माझे गेलेले महिने परत येत नाहीत.

मध्यरात्र: टेस्टवरून भांडणं पुरे! घरातल्या रुग्णाजवळच्या तान्ह्या बाळाला आजार नाही एवढी खात्री केली की प्रतिबंधक औषध सुरू करायचं, टेस्टसाठी अडायचं नाही. माझ्या भाचीच्या वेळी 'रिपोर्ट येऊ द्या' म्हणत थांबले. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, झाला. आज तिला ऐकू येत नाही.

अनवट: हे माहीत नव्हतं. बाळ आधी, मानलं. पण 'नंतर' म्हटलेलं माझं नाव यादीतून गळालंच, हे तुम्हीही माना. शेवटच्या नावालाही तारीख हवी.

मध्यरात्र: हवीच. आणि एकदा तपासून सोडायचंही नाही. संसर्गातून पुढे आजारी पडणाऱ्यांपैकी साधारण निम्मे पहिल्या २ वर्षांतच पडतात.

अनवट: २ वर्षं? मला एक फोनसुद्धा आला नाही.