बाळाचे लिंग स्पष्ट नसताना बाप्तिस्मा थांबवावा का?

नाशिकरोडची मावशी

माझ्या धाकट्या बहिणीला नुकतेच पहिले बाळ झाले. बाह्य जननांगावरून मुलगा की मुलगी हे निश्चित सांगता येत नसल्याने डॉक्टरांनी सोनोग्राफी, गुणसूत्रांची तपासणी आणि संप्रेरकांच्या रक्तचाचण्या सांगितल्या असून, अ‍ॅड्रिनल ग्रंथींचा (मूत्रपिंडांवरील, संप्रेरके तयार करणाऱ्या ग्रंथींचा) जन्मजात विकार असण्याची शक्यता वर्तवली आहे. आमचे कुटुंब कॅथलिक आहे. दर फेब्रुवारीत आम्ही सारे बाळ येशूच्या यात्रेला जातो आणि बहिणीने गरोदरपणी तेथे नवसही बोलला होता. आता तिच्या सासूबाई म्हणतात की शस्त्रक्रिया होऊन सारे नीट होईपर्यंत बाप्तिस्मा करू नये, कारण चर्चच्या नोंदवहीत काय लिहायचे आणि नाव काय ठेवायचे? तिच्या दिरांचे म्हणणे असे की व्हॅटिकनने लिंगबदलाला मनाई केली आहे, तेव्हा उपचार करणेच पाप ठरेल. बहीण तर आपल्याच हातून काही चुकले असावे असे धरून रडत बसते. ख्रिस्तसभेची शिकवण जाणणाऱ्या कोणी कृपया मार्गदर्शन करावे.

एक धर्मशिक्षक

ताई, बाप्तिस्मा थांबवण्याचे काहीही कारण नाही. धर्मसंहितेचा, म्हणजे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या कायद्याचा, ८६७ वा नियम पालकांना बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करून घेण्यास सांगतो, आणि जिवाला धोका असल्यास विलंब न लावता. नोंदवहीत काय असावे हे ८७७ व्या नियमात दिले आहे: बाप्तिस्मा घेणाऱ्याचे नाव, संस्कार देणारा, आईवडील, धर्ममातापिता, संस्काराचे स्थळ व दिनांक, जन्माचे स्थळ व दिनांक. त्या यादीत लिंगाचा उल्लेख नाही. नावाबाबत ८५५ वा नियम एवढेच सांगतो की ते ख्रिस्ती भावनेला परके नसावे. संताचेच नाव हवे अशी सक्ती नाही. किरण हे नाव आपल्याकडे मुलाचेही असते आणि मुलीचेही.

दिरांच्या शंकेचे उत्तर तर त्याच दस्तऐवजात आहे. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅटिकनच्या ‘डिग्निटास इन्फिनिटा’ या घोषणापत्राने लिंगबदलाच्या हस्तक्षेपाला विरोध केला हे खरे आहे. परंतु त्याच ६० व्या परिच्छेदात पुढे असेही म्हटले आहे की जननांगांची विसंगती जन्मतः असेल किंवा पुढे दिसून येईल, तर ती व्यक्ती वैद्यकीय साहाय्य घेऊ शकते आणि त्या उपचाराला येथे अभिप्रेत असलेला लिंगबदल म्हणता येणार नाही. हे वाक्य फार थोड्यांपर्यंत पोहोचले आहे, कारण बातम्यांचा भर मनाईवरच राहिला. शरीराची जडणघडणच वेगळी असणे आणि स्पष्ट लिंगाच्या व्यक्तीला आपली ओळख निराळी जाणवणे हे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या घरात त्यांची सरमिसळ झाली आहे.

राहिला बहिणीचा प्रश्न. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. तिला तो अध्याय वाचून दाखवा.

नवजात विभागातील परिचारिका

वरील सर्व ठीक आहे, पण सर्वांत तातडीची गोष्ट धर्माची नसून औषधाची आहे. अ‍ॅड्रिनलचा हा विकार असलेल्या अनेक बाळांच्या शरीरातून मीठ निघून जाते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उलट्या, वजन घटणे, मलूल होणे अशी लक्षणे दिसू लागतात. रक्तातील सोडियम उतरते, पोटॅशियम चढते आणि वेळेत ओळखले नाही तर बाळ दगावू शकते. निदान पक्के झाले की हायड्रोकॉर्टिसोन सुरू होते, मीठ जात असेल तर जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोनही, आणि हे उपचार आयुष्यभर चालतात. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. बाळाची गुणसूत्रे एक्सएक्स, म्हणजे स्त्रीची, निघाली तर गर्भाशय व अंडाशय सहसा व्यवस्थित असतात. शस्त्रक्रियेची चर्चा मागाहून करता येते, या औषधांना मात्र एका दिवसाचाही उशीर चालत नाही.

आंतरलिंगी, कॅथलिक, नाशिककर

मी तान्हेपणी झालेल्या अशाच शस्त्रक्रियेसह वाढलो. ती कशासाठी झाली हे मला कॉलेजात जाईपर्यंत कोणी सांगितले नाही. म्हणून ‘सारे नीट होईपर्यंत’ हे शब्द वाचून राहवले नाही.

धर्मशिक्षकांनी सांगितलेला परिच्छेद मलाही आधार देतो, तरी त्यातील विसंगती हा शब्द मला बोचतो. जीव धोक्यात नसताना केवळ इतरांच्या नजरेसाठी बाळाच्या शरीरावर सुरी चालवणे आणि बाळाचा प्राण वाचवणारे औषध देणे यांना एकाच उपचाराच्या नावाखाली ठेवता येणार नाही. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अरुणकुमार प्रकरणात आंतरलिंगी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांवर बंदी घालण्याचे निर्देश दिले आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल ती परिस्थिती वगळून, तसा आदेश काढला. त्याच वर्षीच्या व्हॅटिकनच्या शिक्षणविषयक दस्तऐवजातही असे आहे की याबाबत पालकांनी मनमानी निवड करू नये, समाजाने तर नाहीच, आणि वैद्यकाने कमीत कमी इजा होईल अशा रीतीने, केवळ उपचाराच्या हेतूने हस्तक्षेप करावा. अर्थात तेथे व्यक्तीची मूळ ओळख निश्चित करण्याची जबाबदारी डॉक्टरांकडे सोपवली आहे आणि माझे मन तेथेच अडते, कारण माझ्यासारख्याच्या बाबतीत गुणसूत्रे, ग्रंथी आणि बाह्य अवयव एकच उत्तर देत नाहीत. तरीही २०२४ चा मजकूर त्या व्यक्तीनेच निवड करण्याविषयी बोलतो. तान्हे बाळ निवड करू शकत नाही, म्हणून थांबणे हेच मला शिकवणीशी अधिक प्रामाणिक वाटते.

नाशिकरोडची मावशी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. औषधाबद्दल आजच डॉक्टरांना विचारले. चाचण्यांचे निकाल येईपर्यंत बाळ त्यांच्या देखरेखीखालीच राहणार आहे. एक शेवटची शंका आहे. हे मूल मोठे होऊन म्हणाले की तुम्ही मला मुलगी म्हणून वाढवले पण मी मुलगा आहे, तर ख्रिस्तसभा त्याला परके करील का? लग्नाचे काय?

एक धर्मशिक्षक

परके करणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या एका बिशपांच्या प्रश्नांना व्हॅटिकनने दिलेल्या उत्तरांनुसार ट्रान्सजेंडर व्यक्तीलासुद्धा इतरांच्याच अटींवर बाप्तिस्मा घेता येतो, फक्त त्यातून सार्वजनिक गोंधळ वा इतरांच्या श्रद्धेला अडखळण होऊ नये. शिकवण मात्र बदललेली नाही: शरीराचे लिंग आणि लिंगाची सामाजिक-सांस्कृतिक भूमिका यांत फरक करता येतो, पण त्यांची फारकत करता येत नाही, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये लिहिले होते. जिथे शरीरच एक उत्तर देत नाही तिथे हे वाक्य कसे लावायचे, हा वरील बंधूंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पुरेसे उत्तर कोणत्याही दस्तऐवजात माझ्या वाचनात आलेले नाही.

लग्नाबाबत, १०८४ व्या नियमानुसार वंध्यत्वाने विवाहाला बाधा येत नाही. लग्नाआधीपासूनची आणि कायमची शरीरसंबंधाची असमर्थता सिद्ध झाली तरच येते, आणि त्याविषयी शंका असेल तर विवाह अडवता येत नाही. तेव्हाचे प्रकरण त्या वेळी आपल्या धर्मप्रांताच्या न्यायमंडळाकडे नेता येईल. सध्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटून बाप्तिस्म्याची तारीख ठरवा आणि बाळाच्या आजाराची त्यांना कल्पना द्या. अचानक प्रकृती बिघडली आणि फादर पोहोचू शकले नाहीत, तर ८६१ व्या नियमाप्रमाणे योग्य हेतूने कोणीही, अगदी त्या परिचारिकाही, बाळाला बाप्तिस्मा देऊ शकतात.