नखे खाणे, पाय हलवणे, डोळे मिचकावणे : आपापल्या घरचे अनुभव लिहावेत

मुले नखे खातात, बसल्या जागी पाय हलवतात, सदऱ्याची कॉलर चघळतात, आणि घरातील मोठी माणसे दिवसभर ‘हात काढ’ म्हणत राहतात. तुमच्याकडे कोणता उपाय लागू पडला आणि कोणता फसला, हे तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करते.

माझी मुलगी तिसरीत असताना बोटांच्या कडांतून रक्त येईपर्यंत नखे खात असे. सासूबाईंनी कारल्याचा रस लावून पाहिला. चार दिवसांत तिला कडू चवही सवयीची झाली. आम्ही रागावल्यावर ती पांघरुणात तोंड घालून नखे खाऊ लागली, याचे मला फार वाईट वाटले. मग मी आठवडाभर वहीत फक्त वेळा टिपल्या. परीक्षेची भीती हेच कारण असणार असे मी धरून चालले होते, परंतु तिचा हात तोंडात जाई तो शाळेच्या रिक्षाची वाट पाहताना आणि टीव्हीसमोर, म्हणजे हाताला काही काम नसताना. अझ्रिन आणि नन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेली पद्धत समुपदेशक ताईंनी आम्हांला शिकवली : हात उचलला जातो आहे हे मुलाला स्वतःला कळले पाहिजे, आणि कळताच त्याच हाताची मूठ मिनिटभर मिटून धरायची. चारचौघांत मी केवळ कानाला हात लावायचा, ही खूण तिनेच ठरवली. नखांच्या खरखरीत कडा रोज घासून खोबरेल तेल लावल्याचाही उपयोग झाला. तीन महिने लागले. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात सवय परत डोके वर काढते.

एक शिक्षिका, कोल्हापूर जिल्हा : ‘पाय हलवू नये, लक्ष्मी जाते’ असे मीही वर्गात म्हणत असे. चौथीतील एका मुलाचा पाय थांबवला की त्याचे गणितही थांबते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. आता त्याच्या बाकाच्या पुढच्या दोन पायांना सायकलची जुनी ट्यूब ताणून बांधली आहे. तो पायाने ती दाबत राहतो, आवाज होत नाही, आणि वह्या वाटण्याचे काम त्याच्याकडेच असते.

एक आजी, सातारा : नातवाचा अंगठा आम्ही कोणीही न सोडवता चौथ्या वर्षी सुटला. त्याच्या वडिलांच्या अंगठ्याला मी मिरची लावली होती, ते आठवले की अजून जीव कळवळतो.

एक वडील, ठाणे : आमचा मुलगा सातव्या वर्षी सतत डोळे मिचकावू लागला. नेत्रतज्ज्ञांनी डोळे निर्दोष असल्याचे सांगितले आणि बालरोगतज्ज्ञांनी ही ‘टिक’, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा होणारी हालचाल, असल्याचे निदान केले. ती बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमारास सुरू होते, दहा-बारापर्यंत वाढू शकते आणि पुढे बहुतेकांमध्ये कमी होते. मूल ती काही क्षण दाबून धरू शकते, पण मुद्दाम करीत नाही. हे कळण्यापूर्वी मी त्याला आरशासमोर उभे करून ‘बघ, कसा दिसतोस’ असे म्हणालो होतो, आणि त्याबद्दल मी त्याची माफी मागितली. आजही जागरण झाले की मिचकावणे वाढते. तेव्हा आम्ही त्याविषयी काही बोलत नाही, त्याला लवकर झोपवतो.