स्वप्नातली जुगलबंदी: तुमच्या आवडत्या कलाकाराशेजारी कोण?

आपले कुमार गंधर्व आणि जॅझमधला ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस. मला हे दोघं एका मंचावर हवेत. का ते सांगते, मग या धाग्यावर तुम्ही तुमची जोडी सांगा.

अट एकच. दोन मोठी नावं शेजारीशेजारी लिहून पळून जायचं नाही. ते एकत्र बसून नेमकं करतील काय, सुरुवात कोण करेल, आवरतं कोणाला घ्यावं लागेल, तेही लिहायचं. हयात, दिवंगत, सगळे चालतील. खरंच झालेल्या आणि तुम्हाला भावलेल्या किंवा फसलेल्या भेटींबद्दल लिहिलंत तरी हरकत नाही.

कुमारजी स्वर फेकतात आणि सोडून देतात. मधली जागा तानपुरे भरतात. ही शैली क्षयाच्या आजारामुळे आली, एका फुफ्फुसावर गायचं म्हणून असे लहान लहान तुकडे, असं म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्या थांबण्यात दम लागल्याचा भास कधीच होत नाही; पुढचा स्वर कुठून उचलायचा ते ठरलेलं असतं. माइल्सचा ट्रम्पेटही तसाच. वाद्याच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं बूच, लावून दोन-तीन सूर, मग गप्प. १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममध्ये त्याने भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गट, बाजूला ठेवल्या आणि एकेका स्वरसप्तकावर मुक्काम केला. आपल्या कानाला तो म्हणूनच लवकर ओळखीचा होतो.

अडचण एक आहे. ‘काइंड ऑफ ब्लू’तल्या पहिल्याच चीजेत मध्ये सगळा डोलारा अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि परत खाली येतो. तानपुरे तासभर जुळवून बसलेल्या कुमारजींना हे चालणारच नाही! तेवढं माइल्सने सोडायचं. बदल्यात बंदिश पूर्ण म्हणण्याचा आग्रह कुमारजींनी सोडायचा. तबल्याला अर्थात वसंतराव आचरेकर. माइल्सला तबला नवा नाही, १९७२ मध्ये त्याने बादल रॉय यांना बरोबर घेतलंच होतं. सुरुवात तानपुऱ्यांची, आणि पहिला सूर ट्रम्पेटचा. कुमारजी ऐकत बसलेले मला बघायचे आहेत.

*

तबला शिकतोय, त्यामुळे माझं उत्तर झाकीर हुसेन, यात नवल नाही. पंचाईत अशी की त्यांच्यासाठी जोडीदार उरतच नाही. ‘शक्ती’ या बँडमध्ये गिटारवाला जॉन मॅक्लॉफलिन, व्हायोलिनवाले एल. शंकर आणि घटम् वाजवणारे विक्कू विनायकराम. ड्रमर मिकी हार्टबरोबर ‘प्लॅनेट ड्रम’. बेला फ्लेकचा बँजो आणि एडगर मायरचा डबल बास. आणखी कोण राहिलं?

टोनी ॲलन राहिला. नायजेरियाच्या फेला कुटीच्या बँडचा ड्रमर, आफ्रोबीट ज्याच्या हातापायांतून उभा राहिला तो. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दोन माणसं वाजवताहेत असं वाटलं होतं. दोन हात आणि दोन पाय, चारही जण आपापलं बोलतात, पण आवाज कुणीच चढवत नाही.

लोकांना वाटतं की दोन तालवाद्यं आली की सवाल-जवाब हवेत. १९६८ मध्ये तबलावाले अल्लारखाँ आणि ड्रमर बडी रिच यांची एकत्र तबकडी निघाली होती. दोघंही दैवतं, पण ती ऐकताना मला सतत जाणवतं की इथे जो तो आपला हात दाखवतोय. माझ्या मैफलीत सवाल-जवाबाला बंदी. टोनीने सोळा मात्रांचा एक घोळदार ठेका धरायचा, आणि झाकीरभाईंनी बराच वेळ फक्त डग्गा वाजवायचा. हो, नुसता डग्गा. तळव्याच्या दाबाने तो जो बोलतो तेवढंच. तबल्याच्या चाटीवर, म्हणजे कडेवर, बोट पडेल ते अगदी शेवटी.

टोनी २०२० मध्ये गेला आणि झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ ला. त्या रात्री मी रियाजाला बसलो होतो आणि हातातला कायदा, म्हणजे बोलांची रचना, काही केल्या पुढे सरकेना.

*

लता मंगेशकर आणि ओ. पी. नय्यर. दोघंही एकाच काळात, एकाच व्यवसायात, आणि तरी एक गाणं नाही! टांग्याच्या टापांचा ठेका, मागे सारंगी, आणि वर तो आवाज. आवरतं नय्यरसाहेबांनी घ्यायचं, कारण त्यांचा ठेका लगेच पुढे येऊन बसतो. एकच कडवं दिलं तरी चालेल.

*

वरच्या जोडीला माझा विरोध. ते गाणं झालं असतं तर नय्यरसाहेबांनी घडवलेली आशाबाईंची निम्मी दुनिया आपल्याला मिळाली नसती. काही गोष्टी न झालेल्याच बऱ्या.

*

मी ख्याल शिकते, म्हणून आधी एक रडगाणं. स्त्री आणि पुरुष यांनी एकत्र गायचं म्हटलं की षड्ज कोणाचा, इथेच घोडं अडतं. गुरुभावाच्या पट्टीत मी गायले तर माझं निम्मं गाणं खर्जात गुरगुरण्यात जातं, आणि माझ्या पट्टीत तो आला की तार सप्तकात त्याच्या मानेच्या शिरा दिसतात. ‘मधली पट्टी’ घेतली तर दोघंही सारखेच दुःखी. सिनेमातल्या युगुलगीतांत हे खपून जातं, कारण तीन-चार मिनिटांचा मामला असतो. पाऊण तासाच्या विलंबितात नाही खपत.

यावर पंडित जसराजांनी जो तोडगा रुजवला, जसरंगी, तो समजला तेव्हा मी वहीत स्वर मांडून बघितले होते. गायक त्याच्या पट्टीत आभोगी गातो: सा, रे, कोमल ग, म, ध. आता त्याच्या मध्यमाला गायिकेने आपला सा मानायचा. तेच पाच स्वर तिच्या बाजूने मोजले की सा, ग, प, ध, कोमल नी, म्हणजे कलावती! दोन राग, दोन षड्ज आणि स्वर तेच. कोणीही कोणाच्या घरी पाहुणं नाही.

म्हणून माझी जोडी अमीर खाँ आणि किशोरीताई आमोणकर. खाँसाहेबांचा झुमरा ताल, चौदा मात्रांचा, इतका संथ की समेची वाट बघताना आपण स्वतःलाच विसरतो. त्यांचा आभोगी आपण ऐकलेला आहे. त्याच्या मध्यमावरून किशोरीताईंनी कलावती उचलायचा. सुरुवात खाँसाहेबांनी करायची, कारण किशोरीताईंना सुरुवात करू दिली तर त्या गंधारापाशीच एवढ्या रमतील की खाँसाहेब मान डोलवत बसून राहतील. आवरतं कोणी घ्यायचं ते मला ठरवता येत नाही. किशोरीताई घेणार नाहीत, हे नक्की. खाँसाहेबांना बहुधा घ्यावंच लागणार नाही, ते मुळातच आवरून गातात.

तानांच्या वेळी दोघांनी एकाच वेळी गायचं की नाही, यावर आमच्या क्लासमध्ये एकदा जोरदार वाद झाला होता. माझं मत, नाही. आळीपाळीनेच.

*

अमीर खाँसाहेबांची एक ‘जुगलबंदी’ झालेली आहेच. ‘बैजू बावरा’ (१९५२), संगीत नौशाद, समोर दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, राग देसी. कथेप्रमाणे खाँसाहेबांचा तानसेन हरतो. चार वर्षांनी ‘बसंत बहार’मध्ये भीमसेन जोशींना मन्ना डेंकडून हरावं लागलं. सिनेमाला जुगलबंदी म्हणजे कुस्तीच वाटते, निकाल लागल्याशिवाय चैन नाही. मला या चौघांची निकाल न लागणारी बैठक हवी. पलुस्कर तर १९५५ मध्ये, चौतिशीतच गेले. त्यांच्या वाट्याची सगळीच उत्तरं राहिली.

*

माइल्सचं नाव निघालंच आहे म्हणून. ऑक्टोबर १९६९ मध्ये ‘बीटल्स’च्या पॉल मॅकार्टनीच्या नावाने एक तार गेली होती: गिटारवाला जिमी हेंड्रिक्स, माइल्स डेव्हिस आणि ड्रमर टोनी विल्यम्स न्यूयॉर्कमध्ये या शनिवार-रविवारी रेकॉर्ड करताहेत, बास वाजवायला ये. उत्तर आलं की पॉल सुट्टीवर आहे. पुढच्या सप्टेंबरमध्ये हेंड्रिक्स गेला.

स्वप्नातली जोडी वगैरे काही नाही. सुट्टी जरा आधी संपली असती तर, एवढंच माझं स्वप्न.

*

त्याच जातीची आणखी एक हुकलेली संगत: जॉन कोल्ट्रेन आणि रविशंकर. कोल्ट्रेनने मुलाचं नाव रवी ठेवलं होतं, शिकायला बसायचंही ठरत होतं, आणि जुलै १९६७ मध्ये चाळिशीत तो गेला. त्याचा सॅक्सोफोन एकाच स्वराभोवती किती वेळ घोटाळू शकतो ते ऐकलं की पुढे काय झालं असतं याचा अंदाज लागतो. मात्र बोलणं कमी करायला त्याला शिकावं लागलं असतं. आलापाच्या पहिल्या वीस मिनिटांत एवढे स्वर नसतात!

*

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, त्यामुळे माझ्या स्वप्नात नावांच्या आधी खोली येते. एकच खोली. कारण आता ‘सहयोग’ म्हटलं की माझ्याकडे फाइल येते. एकाने कुठेतरी गायलेलं, दुसऱ्याने कुठेतरी वाजवलेलं, आणि मी मध्ये बसून दोघांची ओळख करून देतो.

ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राचा १९९३ चा ‘ड्युएट्स’ हा अल्बम घ्या. सोबतचे गायक त्याच्याबरोबर स्टुडिओत नव्हतेच, काहींचे आवाज टेलिफोनच्या तारांवरून आले. खप प्रचंड झाला. ऐकताना मात्र मला कायम शंका येते की हा माणूस कुणाशी बोलतोय. तारेवरून एकत्र वाजवायचं तर अंतराची गोम आहे. दोघांमध्ये साधारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला की लय मागे ओढली जाते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात दहाएक मीटर जातो. म्हणजे मोठ्या मंचाच्या दोन टोकांना बसलात तरी हीच फजिती.

उलट उदाहरण, विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर, ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’, १९९३. ध्वनिमुद्रण चर्चमध्ये, आणि दोघांची पहिली भेट त्याच्या जेमतेम थोडा वेळ आधीची. भट्टांची मोहनवीणा आणि कूडरची गिटार, दोन्ही वाद्यं तारेवरून सरकवायची, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, दोघांच्या हातात आधीपासून होती, म्हणून भाषेचा प्रश्नच आला नाही. सोबत सुखविंदरसिंग नामधारींचा तबला आणि कूडरच्या चौदा वर्षांच्या पोराचा डुंबेक, म्हणजे हाताने वाजवायचा छोटा ढोल. नीट ऐका, एक जण काही मांडू लागला की दुसरा लगेच हात आखडता घेतो. ते कुठल्याही मिक्सिंगने आणता येत नाही, मी प्रयत्न करून दमलोय.

गेलेल्यांच्या आवाजांबद्दलही विचारतात हल्ली लोक. नॅटली कोलने १९९१ मध्ये वडिलांच्या जुन्या रेकॉर्डिंगबरोबर गाणं केलं, ते मला चालतं, कारण नॅट किंग कोलने त्यातला शब्द न् शब्द खरोखर उच्चारला होता. रहमानने २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले तेव्हा घरच्यांची परवानगी घेतली, मोबदला दिला. रीत म्हणून योग्यच. पण यंत्राने बनवलेले कुमारजी आणि यंत्राने बनवलेला माइल्स कुणी माझ्याकडे मिक्सिंगला आणले तर मी नाही म्हणेन. कुमारजी ऐकत बसलेले दिसायला हवेत, असं धागाकर्तीने लिहिलंय ना. यंत्र वाट्टेल ते गाईल, ऐकत कसं बसेल?

*

नुसरत फतेह अली खाँ आणि अमेरिकन गायक जेफ बकली. कव्वाली मला कळत नव्हती तेव्हा मी बकलीचा चाहता होतो. न्यूयॉर्कच्या एका छोट्या कॅफेतल्या त्याच्या ध्वनिमुद्रणात तो एकाएकी नुसरतसाहेबांची कव्वाली गाऊ लागतो, गिटारवर, उर्दूत! लोक आधी हसतात, मग गप्प होतात. ‘नुसरत माझा एल्विस आहे’ हे त्याचंच वाक्य. मी तिथून खाँसाहेबांकडे गेलो आणि परत फारसा आलो नाही.

बकली २९ मे १९९७ ला बुडाला. खाँसाहेब १६ ऑगस्टला गेले, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. बकलीने त्यांची मुलाखत घेतली होती, म्हणजे समोरासमोर बोलणं झालेलं होतं; गाणं तेवढं राहिलं.

पण मी त्याला खाँसाहेबांच्या शेजारी बसवणार नाही. मागच्या रांगेत, टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवा. अर्धा तास त्याने फक्त टाळी धरायची. मग सरगम रंगात आली की खाँसाहेब हात वर करून मागे इशारा करतील, आणि त्याने तो बारीक, वर जाणारा आवाज लावायचा. एकदाच.

*

आशाबाई आणि एला फिट्झजेराल्ड. आशाबाईंना नव्याचं वावडं कधीच नव्हतं: अली अकबर खाँसाहेबांबरोबर पारंपरिक बंदिशी, बॉय जॉर्जबरोबर गाणं, क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमची, म्हणजे आर. डी. बर्मनची, गाणी. आणि एला १९६० मध्ये बर्लिनच्या मंचावर शब्द विसरली तर तिने जागच्या जागी नवे रचून गाणं पुढे नेलं, त्याला ग्रॅमी मिळालं. दोघींना एकच गाणं द्या आणि दुसऱ्या कडव्याचा कागद काढून घ्या. एकीची सरगम, दुसरीचं स्कॅट, म्हणजे जॅझमधलं निरर्थक अक्षरांवरचं गाणं. आवरतं कोणीच घ्यायचं नाही, अट मोडतेय, माफ करा.

*

अन्नपूर्णादेवींचं सुरबहार. शेजारी कोणी नको. तबलाही नको.

*

पेटीवालीचं म्हणणंही ऐका. आमचं वाद्य कायम दुसऱ्याच्या मागे. १९४० पासून १९७१ पर्यंत तर आकाशवाणीवर त्याला मज्जावच होता. मींड निघत नाही हा आरोप खरा आहे, वाद घालत नाही.

म्हणून मला आप्पा जळगावकरांशेजारी मींड न निघणाराच माणूस हवा: अर्जेंटिनाचा आस्तोर पियाझोला, बँडोनियन घेऊन. आत दोन्ही वाद्यं सख्खी भावंडं, हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. फरक भात्याचा. आमचा एक हात भात्यावर, म्हणून सुरावर एकच उरतो. त्याचे दोन्ही हात बटणांवर आणि दोन्ही हात भात्यावरही, त्यामुळे तो सूर अचानक तोडू शकतो, गुडघ्यावर आपटल्यासारखा. टँगोचा सगळा जोर त्या तोडण्यात आहे. आप्पांकडे उलट कला, गाणाऱ्याचा सूर संपतो तिथून तो अलगद पुढे धरून ठेवायची.

सुरुवात पियाझोलाने करावी, आणि तो जिथे तोडेल तिथून आप्पांनी उचलावं. राग भैरवी घ्या, बाराही स्वर वापरायची मुभा आहे, त्याच्या कॉर्ड्सना जागा मिळेल. पट्टी मात्र आधी तपासून घ्या, दोन्ही वाद्यं ऐन वेळी जुळवता येत नाहीत.