बोअरच्या पाण्यात निंबोळी तेल फाटते, पावसाच्या पाण्यात नाही, कावून?

पऱ्हाटीवाला:
भाऊ, आमचं वावर दर्यापूरकडं, खारपाणपट्ट्यात. पऱ्हाटीवर (कापसावर) तुडतुडे आले म्हणून निंबोळी तेल घेतलं, साबणाच्या पाण्यात घोटलं. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात मस्त दुधासारखं झालं पण बोअरच्या पाण्यात केलं तं घडीभरात वरते तेल अन् पांढरा चिकट चोथा, नोझलच चोंदते. साबण तोच, तेल तेच. नुसतं "साबण वाढव" नका सांगू बाप्पा, असं होते कायले ते सांगा.

संत्राबाग:
पाणी जड आहे, म्हंजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. त्या पाण्यात अंगाच्या साबणाले फेस येते का पाहा, नाही येत.

प्रयोगशाळेतला:
बरोबर, पण पुढची गंमत अशी की साबणाच्या रेणूची शेपटी तेलात घुसते अन् डोकं पाण्याकडं राहते, त्या डोक्यावर ऋण भार असते, म्हणून प्रत्येक थेंबाभोवती ऋण भाराचं कवच होते अन् दोन थेंब जवळ आले की एकमेकाले ढकलतात. हा भार झीटा पोटेन्शिअल म्हणून मोजतात, साधारण 30 मिलीव्होल्टच्या वर असला तं थेंब सहसा चिकटत नाहीत. आता तुमच्या पाण्यात दोन घात होतात. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणालेच धरून न विरघळणारा चोथा करतात, तोच तुमच्या नोझलमध्ये. अन् जो साबण उरते त्याचा भार क्षार झाकून टाकतात. साध्या मिठाचं 1 मिलीमोलर, म्हंजे अगदी कमी मिठाचं पाणी असलं तं भाराचा जोर 10 नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हंजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पोचते, त्याच्या शंभर पट मीठ, म्हंजे 100 मिलीमोलर असलं तं जेमतेम 1 नॅनोमीटर. मंग थेंब भिडतात, एक होतात, तेल वर येते. कॅल्शियमवर दुप्पट भार, म्हणून तो मिठापेक्षा कितीतरी कमी असूनही हे करते.

पऱ्हाटीवाला:
आता समजलं दादा. मंग पाण्यात लिंबू पिळलं तं? अल्कलाइन पाण्यात निंबोळीचं औषध लवकर खराब होते म्हणतात.

प्रयोगशाळेतला:
ते खरं आहे, अझाडिरॅक्टिन, म्हंजे निंबोळीतलं किडीवर चालणारं औषध, अल्कलाइन पाण्यात लवकर तुटते. पण साबणासोबत लिंबू बिलकुल नको, आम्लानं साबणाचा भारच जाते, त्याचं नुसतं फॅटी अ‍ॅसिड होते अन् तेल तिथंच सुटते. तुम्ही नॉन-आयोनिक (बिनभाराचं) इमल्सिफायर, म्हंजे तेल पाण्यात मिसळवून ठेवणारं द्रव्य, घ्या, दुकानात लेबल वाचून मागा. त्याच्यावर भार नसतेच, पाण्याकडच्या लांब साखळ्याच थेंबांना दूर ठेवतात, त्यामुळं कॅल्शियम त्याचं फारसं बिघडवत नाही, थोडं आम्लही चालते. आधी तेलात इमल्सिफायर एकजीव करा, मंग थोडं थोडं पाणी घालत घोटा, सगळं पाणी एकदम ओतू नका.

संत्राबाग:
अन् पंप भरायच्या आधी काचेच्या गिलासात थोडं करून ठेवून पाहा, वरते तेल सुटलं तं ते झाडावर मारू नका, तेल एका जागी पडलं की पान जळते.

पऱ्हाटीवाला:
हाओ, उद्या दोन्ही पाण्यात करून पाह्यतो अन् इथंच टाकतो.