मुलीची तीन महिन्यांची शुगर ५.९ आली, गोळी सुरू करायची का? (सोलापूर)

मंजिरी_७रस्ता (मंगळवार, रात्री ९.४०)
मुलीचा रिपोर्ट आलाय. एचबीए१सी ५.९, बाजूला 'प्रीडायबेटिक' (मधुमेहाच्या सीमारेषेवर) छापलंय. आमचे डॉक्टर गावाला गेलेत, शनिवारचा नंबर मिळालाय. तोवर घरात नुसता गोंधळ. सासूबाई कारल्याचा रस काढून बसल्यात, मिस्टर म्हणतात लॅबच बदल, आणि नणंदेने स्वतःच्या शुगरच्या गोळ्यांची, मेटफॉर्मिनची पट्टी आणून दिलीय, "अर्धी देऊन बघ" म्हणून. दहावीचं वर्ष आहे. एकच सांगा, गोळी द्यायची की नाही? साखर-भातावर लेक्चर नको, ते ऐकून झालंय.

होटगीकर
वय? वजन, उंची? उपाशीपोटीची किती? मुळात तपासणी कशासाठी केली? एका आकड्यावर कोण काय सांगणार?

कडक_भाकरी
ताई, गव्हाची पोळी बंद करा बगा. फक्त ज्वारीची भाकरी, तीपण मंगळवेढ्याच्या मालदांडीची. माझी ७.८ होती, भाकरीवर ६.१ला आली. गोळीबिळी काय नको.

होटगीकर
@कडक_भाकरी तुमचं वय पन्नाशीच्या पुढचं, आणि गोळी तुम्ही घेताय. मागच्याच धाग्यात लिहिलं होतंत.

कडक_भाकरी
गोळी चालूय, पण फरक भाकरीनं पडला.

औषधवाला
नणंदेची पट्टी परत करा. मेटफॉर्मिन दहा वर्षांपुढच्या मुलांना देतात, पण ती टाइप २ मधुमेह ठरल्यावर, डॉक्टरांनी किडनी वगैरे बघून. सीमारेषेवरच्या मुलांना आधी खाणं, खेळ, झोप यांवर ठेवतात. काउंटरवर रोज बघतो, एकाची चिठ्ठी आणि खाणारं घर सगळं.

मंजिरी_७रस्ता
वय १५, उंची १५२, वजन ५८. जाड वगैरे अजिबात नाही, आमच्याकडे सगळे असेच. अभ्यासाला बसली की पेंगते म्हणून डॉक्टरांनी सगळं प्रोफाइल करायला सांगितलं. उपाशीपोटी केलेली नाही. आता सांगा.

नळी_आणि_सुई
मी लॅबमध्ये काम करते. त्याच प्रोफाइलमध्ये हिमोग्लोबिन किती आहे? पहिल्याच पानावर असेल.

मंजिरी_७रस्ता
८.९. ते आमच्या घरात सगळ्याच बायकांचं कमी असतं. मी शुगरचं विचारतेय.

नळी_आणि_सुई
शुगरचंच सांगतेय. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून ही तीन महिन्यांची सरासरी धरतात. हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी असलं की जुन्या पेशी जास्त काळ फिरत राहतात आणि आकडा असतो त्यापेक्षा वर दिसू शकतो. ८.९ हिमोग्लोबिनवर नुसत्या ५.९ वरून निदान करू नका. उपाशीपोटीची आणि ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांची, अशा दोन्ही करून घ्या.

जुना_सिव्हिलवाला
म्हणजे रिपोर्ट खोटा! मी म्हणतच होतो. आजकाल ठणठणीत माणसाला पेशंट करायचा धंदा झालाय. आम्ही लहानपणी बर्फाचे गोळे खाल्ले, काही झालं नाही.

रेवती_बालरोग
खोटा नाही, अपुरा आहे. मंजिरीताई, मानेच्या मागे, काखेत त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी दिसते का? पाळी नियमित आहे का? घरात मधुमेह कुणाला? तुम्हाला गरोदरपणात शुगर होती का? आणि ती दिवसभरात पिते काय? खाते काय ते नाही विचारत.

मंजिरी_७रस्ता
किती प्रश्न! मान काळी आहे, सातवीपासून. सासूबाई बेसन-हळद लावतात. उन्हाने होतं ते, सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही, पण या वयात होतंच. माझ्या वडिलांना शुगर आहे, नणंदेला आहे. मला तिच्या वेळी सातव्या महिन्यात निघाली होती, बाळंतपणानंतर गेली. पिण्याचं म्हणाल तर क्लासवरून येताना कोल्ड्रिंकची छोटी बाटली. गोड ती खातच नाही.

रेवती_बालरोग
घासून जाणारा मळ नाही तो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं, आणि ते वाढलेलं इन्सुलिन त्वचेच्या पेशी वाढवतं. उन्हाने काखा काळ्या होत नाहीत. बेसन बंद करा, त्या पोरीची कातडी सोलून निघेल. वयात येताना इन्सुलिनचा परिणाम तसाही कमी होतो. त्यात वजन, आईची गरोदरपणातली शुगर, आजोबा, आत्या. पाळीचंही याच्याशीच जोडलेलं असू शकतं, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा बिघाड) बघायला हवं. त्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण सहा चमचे साखर असते.

आणि 'जाड नाही' म्हणालात, पण १५२ ला ५८ म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५. मुलांना मोठ्यांचा तक्ता लावत नाहीत, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा वयानुसार तक्ता आहे, त्यात हे जास्त वजनातच बसतं. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कधीपासून दाखवताहेत की आपली बाळं वजनाला कमी असली तरी त्या मानाने अंगात चरबी जास्त असते. दिसण्यावर जाऊ नका.

जुना_सिव्हिलवाला
मुलीला शुगरचं नाव लागलं की पुढे स्थळाला अडचण. बाहेर बोलू नका एवढंच सांगतो.

औषधवाला
काका, पोरगी दहावीत आहे. स्थळ कुठून काढलंत?

बार्शी_रोड_अनिकेत
इन्सुलिन सुरू झालं आणि वीज गेली तर: मातीच्या दोन मडक्यांत मधे ओली वाळू, आतल्या मडक्यात इन्सुलिन. आमच्या चुलतभावाला टाइप १ आहे, एप्रिल-मेमध्ये असंच ठेवतो.

होटगीकर
इन्सुलिनचं कुणी विचारलंय?

बार्शी_रोड_अनिकेत
माहिती असलेली बरी. पण एक खरंच बघा. खूप तहान, सारखी लघवी, वजन उतरणं यातलं काही असेल तर शनिवारची वाट बघू नका, त्याच दिवशी सिव्हिलला न्या. भावाला आम्ही बेशुद्ध नेला होता.

मंजिरी_७रस्ता
तसलं काही नाही. उद्या उपाशीपोटी नेते. ग्लुकोज किती द्यायचं असतं?

नळी_आणि_सुई
किलोला पावणेदोन ग्रॅम, पण जास्तीत जास्त ७५. तिला ७५च लागेल. दोन तास तिथेच बसवा, मधे चहा-बिस्किट नको. लिंबू पिळलं तर चालेल, नाहीतर मळमळतं.

मंजिरी_७रस्ता (गुरुवार, दुपारी २.१५)
उपाशीपोटी १०४, दोन तासांनी १४८. शाळा बुडाली. म्हणजे काय झालं?

जुना_सिव्हिलवाला
१०४ नॉर्मल. जागतिक आरोग्य संघटना ११० पर्यंत काही म्हणत नाही.

नळी_आणि_सुई
अमेरिकन मधुमेह संघटना १०० ते १२५ ला प्रीडायबेटिस धरते, जागतिक आरोग्य संघटना ११० पासून. तो वाद खरा आहे, पण दोन तासांच्या १४८ ला तुम्ही काय करणार? १४० ते १९९ दोघींकडे सीमेवरचंच आहे, आणि त्याचा लोहाशी काही संबंध नाही.

कडक_भाकरी
म्हणून म्हणतो भाकरी. कुणाला ज्वारी पाहिजे असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, हुरड्याच्या सीझनला शेतावर या.

रेवती_बालरोग
भाकरी चांगलीच, पण चार-चार भाकरी खाल्ल्या तर पोळ्यांइतकंच पीठ पोटात जातं. शेंगाचटणीही मोजून. डॉक्टरांना तिन्ही आकडे, हिमोग्लोबिन आणि मान, सगळं एकत्र दाखवा.

मंजिरी_७रस्ता (शनिवार, रात्री ८.३०)
दाखवलं. गोळी नाही म्हणाले. लोहाची दिलीय, चहाबरोबर घ्यायची नाही. पोटाची सोनोग्राफी सांगितली. कोल्ड्रिंक बंद, आठ तास झोप, रोज तासभर घाम येईल असा खेळ, आणि लोह भरल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. मिस्टर अजून लॅब बदल म्हणतात. सासूबाई माझ्यावर नाराज आहेत. पण सकाळी ६ला क्लास, मग शाळा, मग परत क्लास, घरी यायला ८ वाजतात. तासभर कुठून काढू? हे कोणी सांगत नाही.

होटगीकर
कंबर तलावावर चालायला न्या, सकाळी छान असतं.

मंजिरी_७रस्ता
सकाळी ६ला क्लास आहे असं आत्ताच लिहिलंय.

बार्शी_रोड_अनिकेत
क्लास घरापासून किती लांब आहे? जाते कशी, सायकल की रिक्षा? आणि शाळेत पीटीचा तास खरंच होतो, की त्यात गणित घेतात?