बी-३०२ ची जाहिरात

(सोसायटीचा ग्रुप, रत्नागिरी. डिसेंबर, रविवार संध्याकाळ)

पेडणेकर (सेक्रेटरी): मयेकर वहिनी, तुमच्या बी-३०२ ची भाड्याची जाहिरात कोणी लिहिली ते कळेल का? ‘सी व्ह्यू, २४ तास पाणी, स्टेशन १० मिनिटं.’ सकाळी दोन मुलगे गच्चीत समुद्र शोधत फिरत होते. वॉचमनने शेवटी पाण्याच्या टाकीवर चढवून दाखवला.

नीता मयेकर: नमस्कार. जाहिरात एजंटने टाकली. ते माझा भाचा आणि त्याचा मित्र. तिसरा पुण्यातच आहे. तिघं घरून काम करतात, पुण्याचं भाडं परवडत नाही म्हणून समुद्राकाठी राहायचं ठरवलंय. अलिबाग, दापोली, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशी यादी केली आहे. जाणकारांनी मत द्यावं 🙏

पेडणेकर: मत देऊच. आधी ‘२४ तास पाणी’ काढा. नळाला तासभर येतं आणि उन्हाळ्यात दिवसाआड. उद्या ते माझ्या दारात बादली घेऊन उभे राहतील.

लिमयेकाका: पाणी मे महिन्यात बघावे. बाकी सर्व नंतर.

सावंत (बी-१०१): यादीत कुडाळ नाय? आमच्या कुडाळाक काय कमी आसा?

अनिकेत (सी-४०१): समुद्र 😄

सावंत: समुद्र तासाभरावर. मालवण घे नायतर वेंगुर्ला घे. स्टेशन गावात, एमआयडीसी हा, मेडिकल कॉलेज बाजूक ओरोसला, २०२१ पासून. गोव्यातलो मोपाचा विमानतळही जवळ. पोरांना रोज पोहायचंय की राहायचंय, ते आधी विचारा.

मयेकर: त्यांना सकाळी चालत बीचवर जाता यायला हवं.

मुकादमभाई (सी-१०२): वहिनी, चालत बीच म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी एक एसी. समुद्राच्या तोंडावरचं आउटडोअर युनिट दोन-तीन पावसाळ्यांत खलास. आधी मागच्या जाळीच्या पात्या पांढऱ्या पडून भुगा होतात, मग कॉइलला भोक, मग गॅस जातो. घ्यायचाच असेल तर तांब्याची कॉइल आणि पात्यांना कोटिंग बघून घ्या. युनिट पश्चिमेच्या भिंतीला नको. पावसाळा सोडून दर महिन्याला साध्या नळाच्या पाण्याने धुवा, एमसीबी (एसीचा मेन स्विच) पाडून. प्रेशर पंप मारू नका, पात्या वाकतात आणि हवा अडते. स्टँड रंगवलेला लोखंडी नको, गरम जस्तात बुडवून काढलेला घ्या. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. ३०४ ला पण तपकिरी डाग येतात, लोक म्हणतात स्टील आहे म्हणजे गंजणार नाही.

पेडणेकर: मुकादमभाई, उपयुक्त माहिती. याच निमित्ताने, सी विंगच्या डक्टमध्ये कोळंबीची सालं कोण टाकतं?

मुकादमभाई: मी एसीबद्दल बोलतोय साहेब.

पेडणेकर: मी पण सहज विचारलं.

लिमयेकाका: पाणी मे महिन्यात बघावे.

अनिकेत: काका, कळलं 😅 मी वीज आणि नेटचं लिहितो, त्या तिघांचा पगार त्यावर आहे. पावसाळ्यात झाड पडलं की तीन-चार तास लाइट जाते, वादळात त्याहून जास्त. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॉट-तास. ऐंशी टक्केच वापरायची, वर इन्व्हर्टरची घट, हातात राहतात ११५० च्या आसपास. तीन लॅपटॉप १५० वॉट, राउटर आणि फायबरचा डबा २०, दोन बीएलडीसी (कमी विजेवर चालणारे) पंखे ६०. एकूण २३०, म्हणजे पाच तास. साधे पंखे ७५ वॉटचे असले तर साडेतीनच तास.

मयेकर: म्हणजे पंखे बदलून देऊ?

अनिकेत: दुसऱ्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतील. बॅटरीत दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघायची. टर्मिनलना व्हॅसलिन लावायचं, खाऱ्या हवेने तिथे हिरवट थर येतो आणि ऐन वेळी बॅटरी उचलत नाही. नेट दोन कंपन्यांचं घेतात आणि निर्धास्त होतात, पण दोन्ही वायरी बहुतेक एकाच खांबावरून येतात. एक फांदी पडली की दोन्ही गेल्या. एक फायबर आणि एक सिम ठेवायचं. सिम फायबरवालीपेक्षा वेगळ्या कंपनीचं. लाइट फार वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही बसते, हे लक्षात ठेवायचं. घर घेण्याआधी घरात बसून स्पीड टेस्ट करायची, गच्चीत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतीत रेंज मरते.

सावंत: अनिकेता, तू पुस्तक काढ.

अनिकेत: आधी गच्चीतला माझा राउटर बॉक्स कोणी हलवला ते सांगा.

साळवीताई (ए-३०३): तिथे माझ्या सुकटीचं कापड होतं.

पेडणेकर: गच्चीत सुकट वाळवायची नाही असा ठराव आहे.

साळवीताई: ठराव पापडांचाही आहे पेडणेकर साहेब. मेमध्ये बघू कोणाचे असतात ते.

पेडणेकर: विषय भरकटतोय.

मयेकर: अलिबागबद्दल कोणी सांगेल का? मुंबईला जवळ पडतं म्हणतात.

अनिकेत: जवळ आहे म्हणूनच महाग आहे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ ला अटल सेतू आला. जागा बंगलेवाल्यांनी उचलल्या. पावसाळ्यात साध्या लाँच बंद असतात, रो-रो हवामान बघून चालते. स्वस्त म्हणून जायचं तर ते गाव नव्हे.

सावंत: मालवणात वेगळीच गम्मत. घरमालक पावसाळ्यात भाड्याक देतलो, दिवाळी इली की ‘पाहुणे येतत’ म्हणान खाली करूक सांगतलो. त्याक होमस्टेचे पैसे मिळतत ना. ॲग्रीमेंटमधी अकरा महिने पक्के लिहून घ्या, मधे काढणार नाय असा.

साळवीताई: यावर मी लिहिते. लिव्ह अँड लायसन्स नोंदवलेलंच हवं, नोटरी चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. वहिनी, म्हणजे तुमच्यासाठीच सांगते. स्टँप ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, त्याच्या ०.२५ टक्के. नोंदणी फी शहरात १०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. घरबसल्या ऑनलाइन होतं, आधारचा अंगठा लागतो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती वेगळी द्यायची.

मयेकर: धन्यवाद ताई. करार होईलच. फक्त मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सीचे दरमहा ५०० लावते ते कशाच्या आधारावर, हेही कोणीतरी सांगावं.

पेडणेकर: कमिटीचा निर्णय आहे.

साळवीताई: सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. २००१ पासूनचा शासनाचा आदेश आहे.

पेडणेकर: सर्वसाधारण सभेत बोलू.

मयेकर: नक्की. मागच्या सभेतही बोललो होतो 🙏

लिमयेकाका: पाणी मे महिन्यात बघावे.

सावंत: काका, कारण तरी सांगा आता.

लिमयेकाका: सांगतो. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मेमध्ये टँकर येतो. कारण इथला जांभा दगड चाळणीसारखा. पावसात विहीर काठोकाठ भरते आणि तेवढ्याच वेगाने पाणी उताराला वाहून जाते. डिसेंबरात डोकावले तर कोणीही फसेल. कठड्याच्या आत शेवाळाचे काळे-हिरवे पट्टे असतात, सर्वांत खालचा पट्टा कुठे आहे तो बघावा. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडावा, किती दोरी भिजली ती हाताने मोजावी. शेजाऱ्याला टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो ते विचारावे, मालकाला विचारू नये. किनाऱ्याला विहीर असेल तर गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. मोठा पंप लावून उपसले की खारे वर येते आणि पुढच्या पावसापर्यंत मचूळच राहते. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणावा. ५०० च्या आत उत्तम, २००० च्या वर पिण्यास बाद. माणशी १३५ लिटर धरा, तिघांना रोज ४०५. आपल्या २४ फ्लॅटना चार माणसांप्रमाणे जवळपास १३ हजार, आणि टँकर येतो १० हजारांचा. एक दिवसही पुरत नाही.

अनिकेत: काका 🙏🙏 हे आधी का नाही लिहिलं?

लिमयेकाका: तीनदा लिहिले.

मयेकर: दापोली कशी? भाच्याचा जास्त कल तिकडे आहे.

सावंत: दापोली सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, समुद्र सात-आठ किलोमीटर खाली. म्हणून हवा गार आणि गंजही कमी. कृषी विद्यापीठामुळे भाड्याच्या खोल्यांची सवय हा गावाक. पण रेल्वे नाय, खेडला उतरून घाटरस्त्याने वर. पुण्याच्या ऑफिसात महिन्यातून एकदा जायचं असेल तर चिपळूण बघा. कुंभार्ली घाट, कराड, सरळ रस्ता.

मुकादमभाई: चिपळूणला खालच्या बाजारपेठेत तळमजला घेऊ नका. २२ जुलै २०२१ च्या पुराची रेघ भिंतीवर कुठपर्यंत होती ते विचारा, त्याच्या वरचं घर घ्या. वाशिष्ठी नदी वर्दी देऊन येत नाही.

अनिकेत: दापोली, मुरूड, श्रीवर्धन पट्ट्यात पत्र्याचं छप्पर असेल तर ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. पत्रा उडतो तो खिळ्यापाशी फाटून. जे-हुक आणि रुंद वॉशर आहेत का, कडेला पट्टी मारली आहे का, ते बघायचं. आणि घराशेजारी वाकलेला माड असेल तर तो कोणाच्या बाजूला पडेल तेही.

मयेकर: ते म्हणत होते की दोन-तीन वर्षांत छोटी जमीनच घेऊन टाकू.

साळवीताई: 😂 सात-बारा बघितलाय का कधी त्यांनी? २३ नावं, त्यातली ४ दादरला, २ दुबईला, एक वारलेलं आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांच्या सह्या लागतात. इतर हक्कात कुळ असलं तर तिथेच थांबायचं. मुळात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकत घेता येत नाही, १९४८ च्या कूळकायद्यामुळे. बिगरशेती प्लॉट घ्यावा लागेल. रस्ता कागदावर आहे का ते बघायचं, ‘सगळे इथूनच जातात’ हे चालत नाही. किनाऱ्यावर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. गावाकडच्या बऱ्याच भागात भरतीरेषेपासून २०० मीटर नवीन बांधकाम नाही. एजंट जिथे उभा करून समुद्र दाखवतो, ती जागा बहुतेक त्यातच असते.

सावंत: आमच्या बी-३०२ सारखी. समुद्र दिसता, पण टाकीवरून.

पेडणेकर: सावंत, पुरे. बरं, मासे स्वस्त मिळतील असं त्यांना कोणी सांगितलंय का? कारण तेही विचारत होते.

मुकादमभाई: स्वस्त नाहीत. चांगला माल हॉटेलात आणि बाहेर जातो. जून-जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा बंदरावर किलोचा हट्ट धरू नये, वाटा घ्यावा, बारीक मासळीचा. कल्ले लाल बघावेत, डोळा फुगीर. भाजी घाटावरून येते, त्यामुळे तीही पुण्यापेक्षा महाग पडते. भाड्यात वाचतात ते पैसे ताटात जातात थोडे.

मयेकर: मग तुमच्या सगळ्यांच्या मते?

अनिकेत: पहिलं वर्ष भाड्याने, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत. कामासाठी रत्नागिरी किंवा कुडाळ, गारव्यासाठी दापोली. स्टेशन अर्ध्या तासाच्या आत हवं. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीचं काही मिनिटांत संपतं, तेव्हा त्या आठवड्यात ऑफिसला जायचं ठरवू नका.

सावंत: कुडाळ लिहिलंस, बरा झाला.

मयेकर: जाहिरात बदलली आहे. बघून सांगा. ‘बी-३०२, वन बीएचके. समुद्र गच्चीवरच्या टाकीवरून दिसतो. पाणी रोज एक तास, उन्हाळ्यात दिवसाआड. स्टेशन कुवारबावला, रिक्षा मिळाल्यास वीस मिनिटं. दोन बीएलडीसी पंखे. करार नोंदणीकृत, अकरा महिने. गच्चीत सुकट आणि पापड मनाई.’

साळवीताई: पापड लिहिल्याबद्दल आभार.

सावंत: हेका भाडेकरू गावतलो?

मयेकर: भाच्याला पाठवली. तो विचारतोय, डिसेंबरात नको, मेमध्ये पंधरा दिवस राहून बघितलं तर चालेल का?

लिमयेकाका: 👍

पेडणेकर: चालेल. पाहुणे म्हणून आले तर नॉन-ऑक्युपन्सी लागणार नाही. पंधराच दिवस.